घड्याळ, कागद आणि पडदा : स्मृतिभ्रंशाच्या संगणकीकृत मोजमापाचा इतिहास

प्रस्तावना

उच्च रक्तदाबावरील औषधाचा गुण दाबमापकावर दिसतो, मधुमेहावरील औषधाचा रक्तशर्करेत दिसतो. स्मृतिभ्रंशावरील औषधाचा गुण मात्र अखेर रुग्णाच्या उत्तरांत आणि त्याच्या दैनंदिन वागण्यातच शोधावा लागतो. मेंदूत साठणारे अमायलॉइड प्रथिन आज प्रतिमाचित्रणाने पाहता येते. परंतु ते साठे विरघळले म्हणजे आजोबांना नातवाचे नाव पुन्हा आठवू लागते, असे घडत नाही. म्हणूनच या व्याधीच्या संशोधनात रुग्णाला काय विचारावे, कोणी विचारावे आणि उत्तराला गुण कसे द्यावेत, हे प्रश्न औषधाच्या रसायनाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

हे विचारण्याचे काम संगणकाकडे सोपविण्याचे प्रयत्न अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहेत. तरीही २०२३ साली अमेरिकेत ज्या औषधाला अल्झायमर रोगाची वाटचाल मंदावणारे म्हणून पूर्ण मान्यता मिळाली, त्याचा निर्णय रुग्ण आणि त्याचा नातलग यांच्या मुलाखतीवर आधारलेल्या एका जुन्या मापनश्रेणीने झाला. या विसंगतीला संगणकाचे अपयश म्हणणे घाईचे होईल. संगणक ज्या प्रश्नाचे उत्तर देत होता तो प्रश्न आणि औषध-नियंत्रकांना पडलेला प्रश्न हे मुळात वेगळे होते. त्या वेगळेपणाचा इतिहास प्रस्तुत निबंधात मांडला आहे.

घड्याळाचा वारसा

मराठीत 'साठी बुद्धी नाठी' असे म्हणतात आणि जगातील बहुतेक समाजांची समजूत याहून निराळी नव्हती. म्हातारपणी विसर पडणे हा वयाचा धर्म मानला जाई. या समजुतीला वैद्यकीय धक्का बसला तो एका तुलनेने तरुण स्त्रीमुळे. १९०१ च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झालेली ऑगुस्ट डी. ही स्त्री तेव्हा ५१ वर्षांची होती. आलॉइस अल्झायमर यांनी तिला रोज साधे प्रश्न विचारले, वस्तू दाखवून त्यांची नावे विचारली, स्वतःचे नाव लिहावयास सांगितले आणि तिची उत्तरे टिपून ठेवली. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथे त्यांनी हा रुग्णवृत्तान्त सादर केला. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या व्याधीला अल्झायमर यांचे नाव दिले.

क्रेपेलिन यांच्या आयुष्यातील दुसरा एक धागा या संदर्भात सहसा आठवला जात नाही. तरुणपणी ते लाइप्झिग येथे विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत काळ मोजणारे हिप यांचे कालमापक यंत्र हे त्या काळच्या प्रायोगिक मानसशास्त्राचे मानचिन्ह होते. मद्य, चहा यांसारख्या द्रव्यांचा साध्या मानसिक क्रियांच्या वेगावर काय परिणाम होतो, यावर क्रेपेलिन यांनी १८९२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे औषध देऊन मनाचा वेग मोजणारा संशोधक आणि या रोगाचे नामकरण करणारा वैद्य ही एकच व्यक्ती होती. तरीही प्रतिक्रियाकालाचे घड्याळ रुग्णशय्येपाशी पोहोचले नाही. तेथे प्रश्न, उत्तर आणि टिपणवही यांचेच राज्य राहिले.

कागदाची सत्ता

पुढील सुमारे साठ वर्षांचा काळ या विषयात मंदगतीचा आहे. १९६८ मध्ये न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्ध रुग्णांचे जिवंतपणी घेतलेले गुण आणि मृत्यूनंतर मेंदूत मोजलेल्या प्रथिनपट्टिकांची संख्या यांची तुलना केली व दोहोंत संबंध असल्याचे दाखविले. कागदावरचे गुण हे मेंदूतील बदलांचे प्रतिबिंब असू शकतात, हा विश्वास या अभ्यासाने दिला. १९७५ मध्ये मार्शल फोल्स्टाइन, सुसान फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांनी 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही तीस गुणांची चाचणी प्रसिद्ध केली. आजचा वार कोणता, आपण कोठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करीत जा, एक वाक्य लिहा, एकमेकांना छेदणारे दोन पंचकोन काढा, अशी तिची रचना होती. दहा मिनिटांत होणारी ही चाचणी जगभर पसरली. (ती प्रदीर्घ काळ मोफत वापरली गेली, २००१ पासून तिचे परवाने एका प्रकाशनसंस्थेमार्फत विकले जाऊ लागले, तेव्हा रुग्णाला वार विचारण्याचेही मोल पडू शकते हे अनेक वैद्यांना प्रथमच समजले.)

औषधांच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती १९८४ मध्ये रोझेन, मोह्स आणि डेव्हिस यांनी सादर केलेली 'अल्झायमर्स डिसीज असेसमेंट स्केल'. तिच्या बोधनिक विभागात अकरा घटक असून ० ते ७० गुण मोजले जातात. येथे गुण जितके अधिक तितकी अवस्था वाईट. शब्दांची यादी आठवणे, वस्तूंची नावे सांगणे, आकृती काढणे यांबरोबरच पत्राची घडी करून ते पाकिटात घालणे, त्यावर पत्ता लिहिणे आणि तिकीट कोठे लावायचे ते दाखविणे, असाही एक घटक तिच्यात आहे. टपालाच्या पाकिटाशी ज्याचा कधी संबंध आला नाही त्याने येथे काय करावे, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

१९८६ मध्ये टॅक्रीन या औषधाविषयी आशादायक अहवाल प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनापुढे एक व्यावहारिक पेच उभा राहिला. केवळ शब्दांच्या यादीत दोन शब्द अधिक आठवले म्हणून औषधाला मान्यता द्यावी काय? १९९० च्या मार्गदर्शक मसुद्यात प्रशासनाने दुहेरी कसोटी मांडली. बोधनिक चाचणीत सुधारणा दिसली पाहिजे आणि त्याखेरीज रुग्णाच्या एकूण अवस्थेत किंवा दैनंदिन व्यवहारातही फरक जाणवला पाहिजे. टॅक्रीनला १९९३ मध्ये आणि डोनेपेझिलला १९९६ मध्ये मान्यता मिळाली ती याच चौकटीत. एकदा ही वाट मळल्यावर प्रत्येक नवी कंपनी तिच्यावरूनच चालू लागली. नवे, अप्रमाणित साधन मुख्य निकष म्हणून वापरून शेकडो कोटींचे परीक्षण पणास लावण्याची जोखीम कोण घेणार?

लंडन, रेडिंग, केंब्रिज

कागदाची ही सत्ता दृढ होत असतानाच ब्रिटनमध्ये पडद्याची तयारी चालू होती. वृद्ध मनोरुग्णांची बोधनिक क्षमता संगणकाच्या संवादी टर्मिनलवर तपासण्याचा प्रयोग रेमंड लेव्ही आणि फेलिक्स पोस्ट यांनी लंडनमध्ये केला व १९७५ मध्ये, म्हणजे तीस गुणांची ती सुप्रसिद्ध चाचणी निघाली त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. यंत्राकडून अपेक्षा दोन होत्या. पहिली, परीक्षकाचा हात दूर व्हावा. प्रश्न विचारताना एक परीक्षक थांबतो, दुसरा नकळत सुचवितो, तिसरा दयेपोटी अर्धा गुण देतो. अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालणाऱ्या परीक्षणात हे दोष साचत जातात. दुसरी, उत्तर बरोबर की चूक एवढेच न पाहता ते येण्यास किती वेळ लागला, हेही टिपावे. क्रेपेलिन यांचे घड्याळ अशा रीतीने रुग्णाजवळ परतत होते.

रेडिंग विद्यापीठात निकोटिनचा अवधानावर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्या कीथ वेस्नेस यांनी पुढे 'कॉग्निटिव्ह ड्रग रिसर्च' ही चाचणीप्रणाली विकसित केली. तिच्यात रुग्णापुढे अक्षरफलक नसे; 'हो' आणि 'नाही' अशी दोनच बटणे असत. या प्रणालीच्या नावाची आद्याक्षरे सी. डी. आर. होती. सेंट लुईस येथे १९८२ मध्ये तयार झालेल्या 'क्लिनिकल डिमेन्शिया रेटिंग' या मुलाखतीवर आधारलेल्या श्रेणीचीही आद्याक्षरे तीच. यंत्र आणि मुलाखत या दोन परस्परविरोधी परंपरांना एकच नाममुद्रा मिळाल्याने जुने शोधनिबंध वाचताना आजही गोंधळ उडतो.

केंब्रिज येथे ट्रेव्हर रॉबिन्स, बार्बरा सहाकियन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात घडविलेली 'कँटॅब' ही चाचणीमाला मात्र अधिक मूलगामी होती. माकडांच्या स्मृतीवरील प्रयोगांत वापरले जाणारे आकृती जुळविण्याचे खेळ तिने माणसांसाठी स्पर्शपडद्यावर आणले. पडद्यावरील चौकटी एकेक करून उघडतात, काहींत अमूर्त नक्षी दिसते, मग ती नक्षी मध्यभागी पुन्हा दाखवून तिची चौकट कोणती ते विचारले जाते. येथे शब्द नाहीत, वाचन नाही. मेंदूचा कोणता भाग या कामात गुंततो याविषयी प्राणिप्रयोगांतून मिळालेले ज्ञान पाठीशी आहे. १९८८ मध्ये या चाचण्यांच्या साहाय्याने अल्झायमर व पार्किन्सन या दोन व्याधींतील दृश्यस्मृतीचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व क्षमतांची एकच बेरीज न करता कोणती क्षमता कोठे ढासळते हे दाखविणे, हा या प्रणालीचा खरा दावा होता.

या दाव्याची कसोटी टॅक्रीनवर लागली. १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात लंडनमधील टॅक्रीन परीक्षणाचा अहवाल आला, त्याच्या लेखकांत लेव्ही आणि सहाकियन दोघेही होते. कागदी चाचण्यांवर औषधाचा लाभ दिसला होता. परंतु लाभ नेमका कशात? १९९३ मध्ये सहाकियन आणि सहकाऱ्यांनी याच औषधाचे 'कँटॅब'वरील निष्कर्ष मांडले. रुग्णांचे अवधान सुधारले होते, स्मृती सुधारली नव्हती. वृत्तपत्रांत ज्याला स्मरणशक्तीचे औषध म्हटले जात होते, ते रुग्णाला अधिक सावध करीत होते. हरवलेले परत आणून देत नव्हते. गुणांच्या बेरजेला हे कधीच सांगता आले नसते, कारण बेरजेत अवधानाचा गुण आणि स्मृतीचा गुण यांची किंमत सारखीच असते.

त्याच वर्षी टॅक्रीनला अमेरिकेत मान्यता मिळाली. कोणती क्षमता सुधारली हा प्रश्न निर्णयाच्या चौकटीत नव्हताच. नियंत्रकाला हवे होते 'किती' आणि 'त्याने रुग्णाला काय फरक पडला'. संगणक सांगत होता 'कशात'. संगणकीकृत चाचणीच्या इतिहासातील हा सर्वांत बोलका प्रसंग होय, आणि त्याची दखल अल्प प्रमाणातच घेतली गेली, हे खेदाने नोंदवावे लागते.

सराव, थकवा आणि सौम्य अवस्था

यानंतर कंपन्यांचा काळ सुरू झाला. मेलबर्न येथे १९९९ मध्ये 'कॉगस्टेट' स्थापन झाली. केंब्रिजची चाचणीमालाही २००२ पासून स्वतंत्र कंपनीकडे आली. कॉगस्टेटने पत्त्यांचा जोड निवडला. पत्ता उलटला का, तो लाल आहे का, हा पत्ता आधी दिसला होता का, एवढेच प्रश्न. पत्ते बहुतेक संस्कृतींत परिचित आहेत हे एक कारण. दुसरे अधिक तांत्रिक. तीच शब्दांची यादी पुन:पुन्हा दिली की ती पाठ होते आणि सरावाने वाढलेले गुण रोगाने घटलेल्या गुणांना झाकून टाकतात. पत्त्यांचा क्रम संगणक दर वेळी नव्याने पिसू शकतो.

२००८ मध्ये वाइल्ड आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसाठीच्या संगणकीकृत चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला. अठरा चाचणीमाला आढळल्या, त्यांपैकी अकरा तपशीलवार परीक्षणास योग्य ठरल्या. वृद्धांसाठीची मानके, विश्वसनीयता आणि वापराची सुलभता यांत त्यांच्यामध्ये मोठी तफावत होती. म्हणजे परीक्षकाचा हात दूर झाला तरी त्याच्या जागी नवे चल आले होते. पडदा किती वेगाने प्रतिसाद देतो, थरथरणारे बोट दोनदा टेकले तर काय, यंत्राची भीती बाळगणारी सत्तरीची स्त्री मंद आहे की केवळ धास्तावलेली आहे? सहस्रांश सेकंदाच्या अचूकतेने चुकीची गोष्ट मोजली जाण्याचा धोका कागदाला नव्हता.

दरम्यान कागदी साधनांच्या मर्यादाही उघड होत होत्या. अमायलॉइडविरोधी लस 'ए. एन. १७९२' हिचे परीक्षण मेंदूदाहाच्या घटनांमुळे २००२ मध्ये थांबवावे लागले. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा, ज्या रुग्णांच्या शरीरात प्रतिपिंडे निर्माण झाली होती त्यांच्यात सत्तर गुणांच्या प्रचलित श्रेणीवर फरक दिसला नाही. परंतु नऊ चाचण्यांच्या एका वेगळ्या मालेच्या एकत्रित गुणांत तो दिसला. तेच रुग्ण, तेच औषध, साधने दोन आणि उत्तरे दोन. रोगाच्या सौम्य अवस्थेत जुनी श्रेणी बोथट पडते, कारण बहुसंख्य रुग्ण तिचे सोपे घटक बिनचूक सोडवितात, हे आता मान्य झाले. संगणकीकृत चाचणीसाठी ही खरी संधी होती, कारण संशोधन लक्षणांपूर्वीच्या अवस्थेकडे वळले होते. आरंभीच्या अवस्थांत संवेदनशील बोधनिक चाचण्यांना अधिक वजन देण्याची तयारी अमेरिकी प्रशासनाने २०१८ च्या मसुद्यात दाखविली.

२०१४ मध्ये सुरू झालेले 'ए-४' परीक्षण या दृष्टीने लक्षणीय आहे. लक्षणे नसलेल्या परंतु मेंदूत अमायलॉइड असलेल्या वृद्धांना सोलॅनेझुमॅब देऊन रोग लांबविता येतो का, हे त्यात पाहिले गेले. निवडीसाठी सुमारे साडेचार हजार लोकांचे अमायलॉइड-चित्रण झाले आणि ११६९ जणांची परीक्षणासाठी निवड झाली. प्रत्येक टप्प्यावर आयपॅडवरील चाचणीसंच होता. त्यात पत्त्यांचे खेळ होते, चेहरा आणि नाव यांची जोडी आठवणे होते, एकसारख्या दिसणाऱ्या वस्तूंतील भेद ओळखणे होते. निवडीच्या वेळचे त्याचे गुण कागदी संचाच्या गुणांशी मध्यम प्रमाणात जुळले आणि अमायलॉइड असणाऱ्यांत ते किंचित कमी आढळले. परंतु मुख्य निकष म्हणून निवडला गेला तो चार कागदी चाचण्यांचा एकत्रित गुण, आणि त्या चारांतील एक १९७५ चीच तीस गुणांची चाचणी होती. २०२३ मध्ये निकाल आला : औषधाने घसरण मंदावली नाही.

त्याच वर्षी लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. १७९५ रुग्णांच्या अठरा महिन्यांच्या परीक्षणात मुख्य निकष सेंट लुईसची मुलाखत-श्रेणी हा होता. तिच्या अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात ०.४५ गुणांचा फरक निघाला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्विवाद आहे. परंतु कुटुंबाला तो जाणवेल काय, यावर तज्ज्ञांत तीव्र मतभेद झाले. मतभेदाचे स्वरूपच अर्थपूर्ण आहे. अचूकता वाढविल्याने तो मिटणारा नाही, कारण वाद मोजपट्टीच्या बारीकपणाविषयी नसून अर्ध्या गुणाच्या अर्थाविषयी आहे.

मग संगणक गेला कोठे? तो परीक्षकाच्या हातात गेला. मोठ्या औषधपरीक्षणांत आज परीक्षक टॅब्लेटवरून कागदी परंपरेतलेच प्रश्न विचारतो, मुलाखत ध्वनिमुद्रित होते आणि दूरवरचा तज्ज्ञ गुणांची फेरतपासणी करतो. रुग्णाची परीक्षा घेण्यासाठी आणलेले यंत्र बऱ्याच अंशी परीक्षकाची परीक्षा घेत आहे. दवाखान्यांतही त्याचे स्थान साहाय्यकाचेच राहिले. २०१५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने 'कॉग्निव्ह्यू' या उपकरणाला संमती दिली, ती 'संगणकीकृत बोधनिक मूल्यमापन-साहाय्य' असा नवा वर्ग निर्माण करून. निदान वैद्यानेच करावयाचे.

पेन्सिल न धरलेले हात

या साऱ्या साधनांनी रुग्ण साक्षर आहे असे गृहीत धरले होते. भारतात ते गृहीतक प्रथमदर्शनीच कोसळते. हरियाणातील बल्लभगड परिसरात भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास करताना मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी तीस गुणांच्या चाचणीची हिंदी आवृत्ती तयार केली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथील बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते. त्यामुळे इंग्रजी शब्द उलट्या क्रमाने उच्चारण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितले गेले, वाक्य लिहिण्याऐवजी स्वतःच्या घराविषयी काही बोलावयास सांगितले गेले, आणि 'डोळे मिटा' हे छापील वाक्य वाचण्याऐवजी परीक्षकाची कृती पाहून तशीच करावयास सांगितले गेले. ही केवळ भाषांतराची बाब नव्हती. प्रत्येक प्रश्नामागे कोणती क्षमता दडली आहे हे शोधून तिला गावातल्या जगण्यात दुसरी वाट करून द्यावी लागली. १९९८ मध्ये या अभ्यासाने पासष्ट वर्षांवरील व्यक्तींत अल्झायमर रोगाचे प्रमाण १.०७ टक्के नोंदविले. जगातील तेव्हाच्या सर्वांत कमी आकड्यांपैकी तो एक होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने साठ वर्षांवरील व्यक्तींत सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज दिला. दोन्ही आकड्यांच्या व्याख्या, प्रदेश आणि काळ भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. पण व्याख्या बदलताच रोग्यांची संख्या किती पालटते याची कल्पना त्यांवरून येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे विविध भाषांत एकसमान चाचणीसंच घडविण्याचे काम हाती घेतले. २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांचे होते. त्यांत मराठी नव्हती.

निरक्षर रुग्णासाठी अक्षरविरहित पडदा हा कागदापेक्षा अधिक न्याय्य ठरेल, ही कल्पना आकर्षक आहे आणि अंशतः खरीही आहे. फ्रान्समधील माँपेलिए येथे कॅरेन रिची यांनी १९९३ मध्ये वृद्धांसाठी संगणकीकृत परीक्षा तयार केली होती. त्या परंपरेतून आलेली 'कॉग्निटो' ही चाचणीमाला आता कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात कन्नडमध्ये वापरली जाते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या मेंदू-संशोधन केंद्राने तेथील गावांत पंचेचाळीस वर्षांवरील दहा हजार व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास आरंभिला आहे. परंतु पडद्यावरील सपाट चित्र ओळखणे हेही शिकलेले कौशल्य आहे. शाळा न पाहिलेल्या माणसाला रेषांनी काढलेली वस्तू ओळखण्यास प्रत्यक्ष वस्तूपेक्षा अधिक अडचण येते, हे निरक्षरतेवरील अभ्यासांतून दिसले आहे. श्रीनिवासपूरच्या एखाद्या शेतकऱ्याने चित्रातील वस्तूचे नाव उशिरा सांगितले, तर त्या उशिराचा किती भाग वयाचा, किती रोगाचा आणि किती कधीच न मिळालेल्या शाळेचा, हे वेगळे करण्यासाठी त्याच तालुक्यातील निरोगी निरक्षर वृद्धांची मानके लागतात. आणि ती मिळविण्यासाठी त्याच माणसांकडे पुन:पुन्हा जावे लागते.